पाचशे घनफूट हवा: दिल्लीचे नगरनियोजन आणि कामाच्या जागेचा इतिहास

दिल्लीच्या नगरनियोजनाचा इतिहास बहुधा वास्तुरचनाकार ल्युटेन्सच्या रुंद रस्त्यांपासून आणि राजधानीच्या नकाशापासून सांगितला जातो. परंतु शहराची जमीन सर्वांना न्याय्य रीतीने मिळावी आणि कामाची जागा माणसाच्या प्रकृतीला मानवेल अशी असावी, या दोन अपेक्षा आज ज्या व्यवसायांकडून केल्या जातात, त्या व्यवसायांची मुळे दोन सरकारी खात्यांत सापडतात. पहिले मजूर खाते होय, ज्याने १९४२ नंतरच्या काही वर्षांत कामगाराला किती तास काम द्यावे आणि त्याच्या वाट्याला किती हवा व किती उजेड यावा यांचे नियम घडवण्यास आरंभ केला. दुसरे आरोग्य खाते, ज्याच्या छत्राखाली १९५५ नंतर दिल्लीचा पहिला मास्टर प्लॅन आकाराला आला. दोन्ही खाती आरोग्याचीच भाषा बोलत होती आणि दोन्हींची कार्यालये एकाच राजधानीत होती, तरी त्यांच्या नियमांची सांगड कधी घातली गेली नाही. दिल्लीतील कष्टकऱ्यांचा फार मोठा भाग या दोन नियमावल्यांच्या मध्ये राहिला आणि तो अजूनही तेथेच आहे.

नव्या राजधानीची रचना १९११ ते १९३१ या काळात झाली, तेव्हा कोणी कोठे राहावे हे हुद्द्यावरून ठरले. वरिष्ठ अधिकाऱ्यांना विस्तीर्ण आवारांचे बंगले मिळाले, कारकुनांना चौकोनी मैदानांभोवतीच्या चाळीवजा वसाहती मिळाल्या, आणि शिपाई व सफाई कामगार यांची सोय त्यांच्याही पलीकडे झाली. जुन्या शहरातील, म्हणजे शाहजहानाबादच्या तटातील, दाटीचा विचार त्यानंतर सुरू झाला. ए. पी. ह्यूम या सनदी अधिकाऱ्याने १९३६ मध्ये दिल्लीतील गर्दी कमी करण्याविषयीचा अहवाल सादर केला आणि १९३७ मध्ये दिल्ली सुधार प्रन्यास स्थापन झाला. सुधार प्रन्यास ही संस्था मराठी वाचकाला अपरिचित नाही. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये मुंबईत आणि १९३६ मध्ये नागपुरात अशा संस्था निघाल्याच होत्या. दाट वस्ती पाडणे, तेथे हवा खेळवणे, रस्ते रुंद करणे आणि मोकळी झालेली जमीन विकून खर्च भागवणे ही त्यांची रीत असल्यामुळे, जमिनीचा भाव हाच त्यांच्या कारभाराचा कणा बनला आणि ज्यांची घरे पडत त्यांना परवडेल अशी जागा क्वचितच उरत असे. स्वातंत्र्यानंतर घनश्यामदास बिर्ला यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९५१ मध्ये या प्रन्यासाच्या कारभारावर प्रतिकूल मत नोंदवले, तेव्हा ते कोणाला अनपेक्षित वाटले नसावे.

या कालखंडातील सर्वांत महत्त्वाचे पर्व मात्र नगररचनेच्या ग्रंथांत फारसे येत नाही. जुलै १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ पर्यंत दिल्लीत राहून त्यांनी हे खाते सांभाळले. या खात्याच्या कक्षेत कामगारविषयक कायद्यांबरोबरच केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खातेही येत असे. म्हणजे सरकारी इमारती बांधणारी यंत्रणा आणि इमारतीत किंवा इमारतीवर राबणाऱ्या माणसाचे हित पाहणारी यंत्रणा त्या चार वर्षांत एकाच मंत्र्याच्या हाताखाली होत्या, आणि असा योग दिल्लीच्या कारभारात पुढे आला नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद नवी दिल्लीत भरली. १९४४ मध्ये दत्तात्रय रेगे या मराठी सनदी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली कामगार चौकशी समिती नेमण्यात आली आणि तिने वेतन, निवास व कामाच्या ठिकाणची परिस्थिती यांची उद्योगवार पाहणी केली. १९४५ मध्ये कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराचे कार्यालय निघाले. कामाच्या जागेचे आरोग्य व सुरक्षितता हा स्वतंत्र अभ्यासाचा आणि स्वतंत्र व्यावसायिकांचा विषय आहे, हे भारत सरकारने त्या कार्यालयाच्या रूपाने प्रथम मान्य केले. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. १८८० च्या दशकात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतील गिरणी कामगारांसाठी ज्या मागण्या मांडल्या होत्या, त्यांना साठ वर्षांनी दिल्लीतून मिळालेले हे उत्तर होते असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

या पायावर १९४८ चा कारखाने अधिनियम उभा राहिला. त्यातील १६ वे कलम दाटीविषयी होते. अधिनियमानंतर बांधलेल्या कारखान्यात प्रत्येक कामगारामागे किमान ५०० घनफूट, म्हणजे पुढच्या मेट्रिक मापात १४.२ घनमीटर, जागा असली पाहिजे, आणि हे मोजताना जमिनीपासून १४ फुटांच्या वरची पोकळी धरायची नाही, असे ते कलम सांगत असे. छत उंच दाखवून माणसे दाटीने बसवण्याची पळवाट या एका अटीने बंद झाली, आणि कायदा लिहिणाऱ्यांनी कारखान्याची आतली बाजू किती बारकाईने पाहिली होती हे तिच्यावरून कळते. त्याच अधिनियमात वायुवीजन, तापमान, प्रकाश, पिण्याचे पाणी, संडास, विश्रांतीची जागा आणि स्त्री कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघर यांच्या तरतुदी होत्या. तथापि कारखान्याची व्याख्या कामगारसंख्येवर बेतलेली होती: विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० आणि विजेविना चालणाऱ्या ठिकाणी २० माणसे असल्याशिवाय हा कायदा लागू होत नसे. बल्लीमारान, सदर बाजार किंवा पहाडगंजच्या गल्लीतील चार-सहा माणसांच्या कारखान्यातील कारागिराला त्या ५०० घनफुटांवर हक्क सांगता येत नव्हता.

१९४६ मध्ये आंबेडकर कार्यकारी मंडळाबाहेर पडले त्या सुमारासच मजूर खात्याची विभागणी होऊन बांधकाम, खाणी आणि वीज यांचे वेगळे खाते झाले, आणि स्वातंत्र्यानंतर ते काकासाहेब गाडगीळ यांच्याकडे आले. फाळणीने दिल्लीपुढे जो प्रश्न उभा केला तो पाहता बांधकामाचे खाते स्वतंत्र असणे सोयीचे होते. १९४१ मध्ये ९ लाख १८ हजार असलेली दिल्लीची लोकसंख्या १९५१ मध्ये १७ लाख ४४ हजारांवर गेली आणि या वाढीत पंजाब व सिंधमधून आलेल्या निर्वासितांचा वाटा फार मोठा होता. त्यांच्यासाठी घाईने वसवलेल्या वसाहतींमध्ये घर, दुकान आणि छोटा कारखाना एकमेकांना चिकटून वाढले, कारण सर्वस्व गमावून आलेल्या कुटुंबाला पोट भरण्याचे काम दारातच हवे होते. पुढे नियोजकांना जी सरमिसळ दोष वाटली, तिच्यावरच या शहरातील लक्षावधी माणसे पुन्हा उभी राहिली होती.

नगररचना त्या काळी केंद्रात आरोग्य खात्याकडे होती आणि १९४७ पासून १९५७ पर्यंत राजकुमारी अमृत कौर आरोग्यमंत्री होत्या. १९५५ च्या अखेरीस बांधकामांवर नियंत्रण ठेवणारे हंगामी प्राधिकरण आणि आराखडा तयार करणारी नगरनियोजन संस्था यांची स्थापना झाली, आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात शहरात काविळीची भयंकर साथ आली. यमुनेचा प्रवाह सरकल्यामुळे नजफगढ नाल्याचे मैलापाणी वझिराबाद येथील पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत मागे शिरले आणि शुद्धीकरण केंद्रातून ते घरोघरी पोहोचले. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या दोन महिन्यांत सुमारे २९ हजार लोकांना उघड कावीळ झाली. ज्या विषाणूला आज हेपॅटायटिस ई म्हणून ओळखतात त्याची ही साथ होती, हे शास्त्रज्ञांना कितीतरी वर्षांनी उमगले. पण शहर कोठे व कसे वाढते याच्याशी नळाच्या पाण्याचा संबंध आहे, हे कळण्यास दिल्लीकरांना प्रयोगशाळेची वाट पाहावी लागली नाही, आणि नियोजनाची निकड सर्वांना पटली.

१९५६ मध्ये अंतरिम आराखडा प्रसिद्ध झाला, १९५७ च्या अखेरीस दिल्ली विकास प्राधिकरण स्थापन झाले, आणि फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने अल्बर्ट मेयर या अमेरिकी नियोजकाच्या नेतृत्वाखाली तज्ज्ञांचे पथक दिल्लीत आले. हेच मेयर त्यापूर्वी मुंबईत आले होते आणि तेथील महापालिकेचे अभियंता नारायण मोडक, ज्यांच्या नावाने वैतरणेवरचा मोडकसागर ओळखला जातो, त्यांच्याबरोबर १९४७-४८ च्या सुमारास त्यांनी बृहन्मुंबईच्या आराखड्याची रूपरेषा लिहिली होती. दिल्लीच्या पथकात समाजशास्त्रज्ञ व अर्थशास्त्रज्ञही होते. मार्शल क्लिनार्ड या समाजशास्त्रज्ञाने गलिच्छ वस्त्यांतील रहिवाशांना संघटित करून त्यांच्याच हातून सुधारणा घडवण्याचा प्रयोग सुरू केला, आणि भारत सेवक समाजाने जुन्या दिल्लीतील वस्त्यांची पाहणी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यामुळे गरिबांच्या जगण्याची माहितीच नियोजकांकडे नव्हती, असे म्हणता येत नाही.

सप्टेंबर १९६२ पासून अमलात आलेला मास्टर प्लॅन झोनिंगच्या तत्त्वावर उभा होता. झोनिंग म्हणजे शहराची जमीन निवास, व्यापार, उद्योग, मोकळी जागा अशा वापरांनुसार वाटून प्रत्येक विभागात ठरलेल्या वापरालाच परवानगी देणे. जो वापर त्यात बसत नाही तो विसंगत ठरतो आणि त्याने तेथून हलावे अशी अपेक्षा असते. धूर, गोंगाट आणि रसायने घरांपासून दूर असावीत हा त्यामागचा आरोग्यविषयक विचार होता, आणि युरोप-अमेरिकेतील औद्योगिक शहरांच्या अनुभवातून तो आलेला असल्याने त्याला आधारही होता. याच आराखड्यात बहुमजली औद्योगिक गाळ्यांची कल्पना होती, ती विशेष उल्लेखनीय आहे. प्रदूषण न करणाऱ्या लहान कारखान्यांना वस्तीजवळच एका इमारतीत गाळे द्यावेत, म्हणजे कारागिराला घर सोडून लांब जावे लागणार नाही आणि त्याच्या कामाला पुरेशी हवा, उजेड व जिने मिळतील, असा हा मार्ग होता. झंडेवालान येथे राणी झाशी मार्गावर असे संकुल उभेही राहिले. मास्टर प्लॅन आणि कारखाने अधिनियम यांचे हेतू एकत्र आले असतील तर ते या गाळ्यांत; दुर्दैवाने शहराच्या गरजेच्या मानाने ते फारच थोडे बांधले गेले. जमीन मात्र प्रचंड प्रमाणावर संपादन झाली: १९५९ मध्येच सुमारे ३४ हजार एकर अधिसूचित करण्यात आली होती, आणि तिचा जवळजवळ एकमेव विकासक स्वतः प्राधिकरण होते. १९८१ पर्यंत ४६ लाख लोकांची सोय करायला निघालेल्या या आराखड्याला प्रत्यक्षात त्या वर्षी ५७ लाखांचे शहर सामोरे आले.

नियोजकांचा आणि वास्तुरचनाकारांचा व्यवसाय घडला तो याच काळात. १९५१ मध्ये नगररचनाकारांची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. १९५५ मध्ये दिल्लीत नगर व ग्राम नियोजनाचे विद्यालय निघाले आणि दिल्ली पॉलिटेक्निकच्या १९४१ पासूनच्या वास्तुकला विभागाशी एकत्र येऊन १९५९ मध्ये ते स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर झाले. त्याच वर्षी ललित कला अकादमीने दिल्लीत वास्तुकलेवर परिसंवाद भरवला, ज्याचे संयोजन व संपादन अच्युत कानविंदे यांनी केले. सिंधुदुर्गातील आचरे येथे १९१६ मध्ये जन्मलेले कानविंदे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली त्यांनी अभ्यास केला, परतल्यावर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे मुख्य वास्तुरचनाकार झाले, आणि १९५५ मध्ये शौकत राय यांच्याबरोबर त्यांनी दिल्लीत स्वतःचे कार्यालय सुरू केले. त्यांची बरीचशी कारकीर्द माणसे दिवसभर काम करतात अशा इमारतींवर खर्च झाली: प्रयोगशाळा, अहमदाबादची वस्त्रोद्योग संशोधन संस्था, कानपूरचे आयआयटी, मेहसाणा येथील दूधसागर डेअरी. डेअरीतील यंत्रांच्या उष्णतेवर त्यांनी काढलेला उपाय त्यांच्या विचारपद्धतीचा नमुना म्हणून पाहण्यासारखा आहे. गरम हवा वर खेचून बाहेर सोडणाऱ्या उंच उभ्या वाहिन्या त्यांनी रचनेचाच भाग केल्या आणि इमारतीला तिचे बाह्य रूप त्यांतूनच मिळाले. कानपूरच्या संकुलात पायी चालणाऱ्यासाठी सावलीचे मार्ग आणि अंगणे ही मांडणीची मूळ अंगे आहेत. कायद्याने आकड्यांत लिहिलेली हवा कानविंदे यांनी वास्तूत आणून दाखवली, आणि मराठी वास्तुपरंपरेने दिल्लीला दिलेल्या या देणगीची दखल महाराष्ट्रात पुरेशी घेतली गेलेली नाही. वास्तुरचनाकार जोसेफ स्टाइन यांनी १९९३ मध्ये पूर्ण झालेल्या इंडिया हॅबिटाट सेंटरमध्ये, जेथे गृहनिर्माण व पर्यावरण क्षेत्रांतील अनेक संस्थांची कार्यालये आहेत, अंगणांवर निळ्या फळ्यांची सावली धरून हाच धागा पुढे नेला.

परंतु या सर्व वास्तू ज्यांनी विटा वाहून उभ्या केल्या, त्यांच्या कामाच्या जागेचा विचार वास्तुरचनाकाराच्या कराराबाहेर होता. बांधकामाची जागा तात्पुरती असते, ती कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही आणि मास्टर प्लॅनच्या नकाशावर तिला रंग नसतो. ही उणीव १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी हेरली. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त राजघाटाजवळ प्रदर्शनाचे बांधकाम चालू असताना, तेथे राबणाऱ्या स्त्रियांची तान्ही मुले माती-विटांच्या ढिगाऱ्यांत पडलेली असत. त्यांच्यासाठी महादेवन यांनी त्या जागेवरच तंबूत पाळणाघर सुरू केले आणि त्यातून मोबाईल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. बांधकाम संपले की पाळणाघराने पुढच्या जागी जायचे, हे तिचे तत्त्व होते. दूध, आंघोळ, लसीकरण, डॉक्टरची भेट, मोठ्या मुलांसाठी अक्षरओळख आणि आईला कामातून अंगावर पाजायला येण्याची सोय असे तिचे रूप होत गेले, आणि पुढे मुंबई व पुणे येथेही हे काम पोहोचले. निरोगी कार्यस्थळाच्या दिल्लीतील इतिहासात या तंबूचे स्थान कोणत्याही वातानुकूलित कार्यालयापेक्षा वरचे आहे, कारण स्त्री कामगाराचे आरोग्य तिच्या मुलाच्या आरोग्यापासून वेगळे काढता येत नाही, ही गोष्ट त्याने कंत्राटदाराच्या दारात नेऊन सिद्ध केली.

आणीबाणीच्या काळात, १९७५ ते १९७७ दरम्यान, शहरातील झोपड्या पाडून सुमारे ७ लाख लोकांना परिघावरील पुनर्वसन वसाहतींत हलवण्यात आले आणि प्रत्येक कुटुंबाला २५ चौरस यार्डांचा भूखंड मिळाला. १९६० च्या सुमाराच्या मूळ योजनेत हाच भूखंड ८० चौरस यार्डांचा होता. घराची जागा आक्रसली त्याहून मोठा घाव कामावर बसला; मोलकरीण, हमाल, फेरीवाला यांचे काम जुन्या ठिकाणीच राहिले आणि तेथवर जाण्याचा खर्च व वेळ त्यांच्या अंगावर पडला. एप्रिल १९७६ मध्ये तुर्कमान गेटजवळ पाडापाडीला विरोध करणाऱ्यांवर गोळीबार झाला, आणि त्याच महिन्यात यमुनेपलीकडे उत्तर प्रदेश सरकारने नोएडा हे नवे औद्योगिक नगर अधिसूचित केले.

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी स्टेडियम, उड्डाणपूल आणि क्रीडाग्राम यांचे बांधकाम सुरू झाले, तेव्हा नियोजन करणारे प्राधिकरण स्वतःच मोठे काम देणारे झाले. कामगारांना दिवसाला ९ रुपये २५ पैसे किमान वेतन ठरलेले असता, मजूर पुरवणारे जमादार त्यातला १ रुपया कापून घेत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने हे न्यायालयापुढे नेले आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९८२ मध्ये निर्णय दिला की किमान वेतनाहून कमी पैशांत करून घेतलेले काम हे घटनेच्या २३ व्या अनुच्छेदातील वेठच होय, बांधकाम हा धोक्याचा व्यवसाय असल्याने त्यात १४ वर्षांखालील मुलांना ठेवता येणार नाही, आणि कंत्राटदाराकडे बोट दाखवून सरकार किंवा विकास प्राधिकरण यांना जबाबदारीतून सुटता येणार नाही. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीचा स्वतंत्र अधिनियम होण्यास त्यानंतरही १९९६ उजाडले. त्याच्या जोडीच्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर कल्याण उपकर बसवला आणि अधिनियमात ५० हून अधिक स्त्रिया काम करत असतील तेथे पाळणाघराची सक्ती होती.

योगायोगाने १९९६ हेच वर्ष दिल्लीच्या औद्योगिक कामगारांसाठी उलट्या अर्थाने निर्णायक ठरले. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलैमध्ये १६८ घातक उद्योगांना शहरातून हलण्याचा वा बंद होण्याचा आदेश दिला आणि पुढे मास्टर प्लॅनशी विसंगत असे निवासी भागांतील हजारो लहान कारखानेही या कक्षेत आले; नोव्हेंबर २००० मध्ये मालक व कामगार यांचा उद्रेक रस्त्यावर झाला. स्वच्छ हवा हा नागरिकाचा हक्क आहे यात शंका नाही, आणि दिल्लीची हवा पाहता न्यायालयाचा हस्तक्षेप निष्कारण नव्हता. परंतु ज्याच्या रोजगाराची किंमत देऊन ही हवा शुद्ध व्हायची होती, तो कारागीर नव्या जागी कोणत्या हवेत काम करील याचा विचार त्या मानाने फार थोडा झाला. स्थलांतरासाठी बवाना येथे औद्योगिक क्षेत्र वसवले गेले. तेथे जानेवारी २०१८ मध्ये फटाक्यांच्या साठ्याला आग लागून १७ कामगार मरण पावले. डिसेंबर २०१९ मध्ये राणी झाशी मार्गालगतच्या अनाज मंडीत, म्हणजे ज्या मार्गावर बहुमजली गाळ्यांचा प्रयोग झाला होता त्याच मार्गाजवळ, कारखान्यांच्या इमारतीला पहाटे आग लागली आणि कामाच्याच खोल्यांत झोपलेल्यांसह ४३ माणसे गेली. मे २०२२ मध्ये मुंडका येथील इमारतीत २७ जणांचा मृत्यू झाला. यांतील एक जागा नियोजित औद्योगिक क्षेत्रातील होती आणि बाकीच्या त्याबाहेरच्या. कामगाराच्या बाजूने पाहिले तर या फरकाने काहीच वाचवले नाही.

दरम्यान राजधानीचा विस्तार राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात गेला, ज्याच्या नियोजनासाठी १९८५ मध्ये स्वतंत्र मंडळ झाले. हरियाणाने १९७५ च्या कायद्याने खासगी विकासकांना परवाने देण्याचा मार्ग खुला केला होता, १९८३ मध्ये मारुतीची पहिली गाडी गुडगावच्या कारखान्यातून बाहेर पडली, आणि १९९० च्या दशकापासून तेथे काचेच्या कार्यालयांची रांग उभी राहिली. पश्चिमेच्या उन्हाला काच लावून आतली हवा विजेवर थंड करण्याची ही पद्धत उत्तर भारताच्या हवामानाला मानवणारी नव्हती, हे लवकरच लक्षात आले. २००४ च्या सुमारास गुडगावच्या आयटीसी ग्रीन सेंटरला हरित इमारतीचे सर्वोच्च मानांकन मिळाले, २००७ मध्ये टेरी या दिल्लीस्थित संस्थेच्या पुढाकाराने गृह ही भारतीय मानांकनपद्धती आली, आणि २०१४ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने जोरबाग येथे इंदिरा पर्यावरण भवन पूर्ण केले, ज्याची वर्षभराची विजेची गरज छतावरील सौरपट्ट्यांतून भागवण्याचा संकल्प होता. या मानांकनांमुळे उजेड, ताजी हवा, बैठकीची मांडणी यांचे शास्त्र जाणणारे नवे व्यावसायिक तयार झाले आणि कार्यालयातील माणसाचे जगणे निश्चितच सुधारले. तरी इमारतीच्या फाटकावर बारा तास उभा राहणारा रक्षक, रात्री सफाई करणारी बाई आणि बाहेर चहा विकणारा यांची प्रकृती त्या मापनात अभावानेच येते.

२०१८ पासून मैं भी दिल्ली या नावाने नियोजक, कामगार संघटना, स्त्री संघटना आणि वस्त्यांतील रहिवासी एकत्र येऊन २०४१ च्या मास्टर प्लॅनसाठी मागण्या मांडू लागले, आणि २०२१ च्या जूनमध्ये मसुदा प्रसिद्ध झाल्यावर त्यावर सूचना देण्याची मोहीम वस्त्यावस्त्यांत चालली. घर हीच ज्यांची कामाची जागा आहे अशा शिवणकाम, भरतकाम, पॅकिंग करणाऱ्या स्त्रियांना आराखड्यात कामगार म्हणून स्थान मिळावे, वस्तीत पाळणाघरे असावीत, कामगारांसाठी बहुउद्देशीय केंद्रे आणि स्वस्त भाड्याची घरे असावीत, फेरीवाल्याला २०१४ च्या कायद्याने दिलेली जागा नकाशावर दिसावी, अशा त्या मागण्या होत्या. घर आणि काम यांना १९६२ मध्ये ज्या रेषेने वेगळे केले, ती रेषाच या मागण्यांनी प्रश्नांकित केली. याच सुमारास संसदेने २०२० मध्ये व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता मंजूर केली, ज्यात कारखान्याच्या व्याख्येतील कामगारसंख्या विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० वरून २० आणि विजेविना चालणाऱ्या ठिकाणी २० वरून ४० करण्यात आली.